पेस्टचा खोका उलटा करून बघा: कुठल्या दाताला कुठली टूथपेस्ट

मेडिकलच्या काउंटरवर रोज बघायला मिळतंय, माणूस बीपीची गोळी घेताना स्ट्रिप उलटी-पालटी करून नाव, पॉवर, एक्सपायरी सगळं बघतोय, चष्मा नसेल तर मला वाचायला लावतोय, आणि तोच माणूस पेस्ट घेताना "ते लाल खोक्यातलं द्या" नाहीतर "ब्रश फ्री कशावर हाय?" एवढंच विचारतोय. आपल्याकडं तर सगळ्याच पेस्टला कोलगेट म्हणतात, कोलगेट मागून क्लोजअप घेऊन जाणारे लई, आणि त्यात कुणाला काय वावगं पण वाटत नाही. बरं घरात माणसं पाच, आज्जीची कवळी, आईच्या हिरड्यातनं रक्त, बाबांना गार पाण्याची कळ, पोराची दाढ किडलेली, बारकी तर अजून पेस्ट गिळतीय, आणि बाथरूममध्ये ट्यूब मात्र सगळ्यांना मिळून एक.

माझं सांगणं एवढंच की खोक्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असतीय आणि मागच्या बाजूला माल. पेस्ट मागची बाजू वाचून घ्यायची. आणि वाचायच्या आधी आपल्या दाताला नेमकं काय झालंय ते माहीत पाहिजे, नाहीतर वाचून पण उपयोग नाही.

त्यामुळं दुकानात यायच्या आधी एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहा. दाढेवर काळा ठिपका किंवा खड्डा दिसतोय का, हिरडीजवळ दाताला खाच पडलीय का, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं पिवळा कडक थर बसलाय का, थुंकल्यावर बेसिनमध्ये लालसर दिसतंय का. गार लागलं की कळ येतीय का, आणि येत असेल तर एकाच दाताला का चार-पाच दातांना. ही उत्तरं घेऊन आला तर पेस्ट निवडायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

सगळ्यात आधी फ्लोराईड शोधा

काहीच त्रास नसेल, दात बरे असतील, तर तुम्हाला साधी फ्लोराईडवाली पेस्ट पुरती. महागाची गरज नाही. खोक्याच्या मागं किंवा ट्यूबच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट नाहीतर सोडियम फ्लोराईड असं इंग्रजीत लिहिलेलं असतंय आणि शेजारी १००० पीपीएम (म्हंजे दहा लाख भागात हजार भाग) किंवा त्याच्या आसपासचा आकडा. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर फ्लोराईड घालायला परवानगी नाही आणि जेवढं घातलंय तेवढं ट्यूबवर पण आणि खोक्यावर पण छापायचा नियम आहे, एक्सपायरी पण. म्हंजे शोधलं तर सापडणारच, नाही सापडलं तर समजायचं त्यात फ्लोराईड नाही.

हे फ्लोराईड करतंय काय, तर आपण जे गोड खातो ते तोंडातले जंतू पण खातात आणि त्याचं ॲसिड करतात. तोंडातला पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जेवढा कमी तेवढं ॲसिड जादा) साधारण साडेपाचच्या खाली गेला की दातावरच्या कडक आवरणातनं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतंय. थोड्या वेळानं लाळ परत सगळं जागेवर आणती, गेलेलं थोडंफार भरून पण काढती. फ्लोराईड असलं की हे भरून काढायचं काम चांगलं होतंय आणि जो नवा थर बसतो तो आधीपेक्षा चिवट असतोय, पीएच साडेचारच्या आसपास जाईपर्यंत तग धरतोय. आता आपल्याकडं सकाळी उठल्यापासनं किती चहा होतात ते ज्यानं त्यानं मोजावं, गुऱ्हाळ सुरू झालं की गूळ, काकवी, रस, आणि लहान पोरांच्या हातात दिवसभर काहीतरी चिकट असतंच. एकदम किलोभर जिलेबी खाल्ल्यानं जेवढं बिघडत नाही तेवढं दर तासाला घोटभर गोड चहानं बिघडतंय, कारण लाळेला दुरुस्ती करायला मधी वेळच मिळत नाही. गूळ चिकट, तो दाढेच्या फटीत बसून राहतोय, "साखरेपेक्षा गूळ बरा" हे दाताला अजिबात लागू नाही, भले तो आपला कोल्हापुरी का असेना.

एक बारीक गोष्ट, स्वस्तातल्या पांढऱ्या पेस्टमध्ये घासायला खडू म्हंजे कॅल्शियम कार्बोनेट असतंय, आणि जेलमध्ये बहुतेक सिलिका. खडूबरोबर सोडियम फ्लोराईड नीट टिकत नाही, कॅल्शियम त्याला पकडून बसतंय, म्हणून खडूवाल्या पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. दोन्ही चालतात, त्यात डोकं घालवू नका.

आयुर्वेदिक, हर्बलवाल्यांचं म्हणाल तर बऱ्याच अशा पेस्टमध्ये फ्लोराईड नसतंय. लवंग, बाभूळ, कडुलिंब, मीठ यांनी तोंड स्वच्छ वाटतंय, वास जातो, लवंगेनं जरा बधिर होऊन बरं वाटतंय, हे सगळं खरं, ज्याला आवडतंय त्यानं वापरावी. पण ज्याची दाढ पटापट किडती त्यानं फक्त तीच वापरू नये. सकाळी हर्बल, रात्री फ्लोराईडवाली असं केलं तरी चालतंय की, भांडण कशाला. लाल मंजन, कोळशाची काळी पावडर, राख, वीट याच्याबद्दल मात्र मी स्पष्टच सांगतो, चिमूटभर दोन बोटात घेऊन चोळून बघा, खरखर लागली तर ती तोंडात घालू नका. बोटानं मंजन दाबून घासायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे दात बघा कधी, पुढून झिजून चपटे झालेले असतात. माकडछाप काळ्या पावडरीची आठवण काढणारे अजून येतात, आठवण चांगली आहे, राहू दे आठवणच.

आणि ते ट्यूबच्या शेपटीला असतंय ना चौकोनी रंगीत पट्टी, हिरवी म्हंजे नैसर्गिक, काळी म्हंजे पूर्ण केमिकल, हा मेसेज दर सहा महिन्यांनी परत फिरतोय. तसलं काय नसतंय. ट्यूब भरायच्या मशीनला कुठं कापायचं आणि कुठं चिकटवायचं ते कळावं म्हणून सेन्सरसाठी ती खूण छापतात.

फ्लोराईडला घाबरणारे पण येतात. भीती अगदीच उगाच नाही, आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जादा आहे, तिथं लहानपणापासनं ते पाणी पिऊन दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, हाडांना पण त्रास होतो. पण ते पोटात जाणारं पाणी, पेस्ट आपण थुंकून टाकतो. तुमच्या गावच्या पाण्यात जादा फ्लोराईड आहे असं तपासणीत आलं असेल तर लहान पोरांची पेस्ट डॉक्टरला विचारून घ्या, बाकीच्यांनी काळजी करायचं कारण नाही.

गार लागलं की कळ येती

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. सेन्सिटिव्हच्या ट्यूबा महाग असतात, खपतात पण जोरात, आणि निम्म्या लोकांना त्याचा उपयोग नसतो, कारण त्यांचं दुखणंच वेगळं असतंय. परवा एक मामा आले, गाल धरूनच.

"सेन्सिटिव्हची द्या एक, मोठी."

"कुठला दात मामा?"

"ही हितली दाढ. रात्री झोपू देत नाही बघ."

"गार पाण्यानं कळ येती का गरम चहानं?"

"गरमानं. आणि येती ती जातच नाही, अर्धा अर्धा तास ठणकतीय."

ही पेस्टची केस नाहीच. गार लागलं, झटका आला आणि दोन-चार सेकंदात गेला, आणि असं चार-पाच दातांना होतंय, तर ती सेन्सिटिव्हिटी. एकाच दाढेला, गरमानं, ठणका राहतोय, रात्री झोप मोडतीय, म्हंजे कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचलीय, तिथं रूट कॅनॉल नाहीतर दाढ काढणं यातलंच काहीतरी होणार, आणि पेस्ट लावत बसलात तर मधल्या काळात सूज येणार. चावल्यावर एकाच दाताला कळ येत असेल तरी तो दात दाखवाच, तडा गेलेला असू शकतो. मामांना ट्यूब न देता पाठवलं, जरा नाराज झाले, पण गेले.

आता खरी सेन्सिटिव्हिटी असेल त्याच्यासाठी. दाताच्या वरच्या कडक आवरणाखाली जो भाग असतोय त्यात अगदी बारीक नळ्या असतात, थेट आतल्या नसेकडं जाणाऱ्या. हिरडी खाली सरकली किंवा आवरण झिजलं की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि गार-गोड-आंबट लागलं की आतलं पाणी हलतंय, तीच कळ. पेस्ट दोन तऱ्हेनं काम करतात. एक, पोटॅशियम नायट्रेटवाल्या, साधारण ५ टक्के असतंय, ते नसेला हळूहळू शांत करतंय. दुसऱ्या नळ्यांची तोंडं बुजवणाऱ्या, त्यात स्टॅनस फ्लोराईड, स्ट्रॉन्शियम, आर्जिनिन, नाहीतर नोव्हामिन असलं काहीतरी लिहिलेलं असतंय. खोक्यावर पुढं सेन्सिटिव्ह लिहिलंय आणि मागं यातलं एकही नाव नाही, तर ती ठेवून द्या जागेवर.

आणि धीर पाहिजे. पोटॅशियम नायट्रेटला दोन ते चार आठवडे लागतात, रोज दोनदा घासून. लोक चार दिवस वापरतात, फरक नाही म्हणून सोडतात, मग मला येऊन शिव्या घालतात. जिथं कळ येती तिथं रात्री घासून झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटानं लावून तशीच ठेवली तर जास्त बरं पडतंय. महिनाभरानं पण काही फरक नसेल तर डॉक्टरकडं जा, दुसरा ब्रँड बदलू नका.

मुळात झीज झाली कशानं हे पण बघा. बऱ्याचदा हार्ड ब्रश आणि धुणं धुतल्यासारखा आडवा जोर हेच कारण असतंय. हिरडीजवळच्या खाचा त्यानंच पडतात. ब्रश सॉफ्ट घ्या. आणि लिंबू सरबत, सोडा, कोल्ड्रिंक पिऊन लगेच दात घासायचे नाहीत, आंबटानं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतंय, अर्धा तास जाऊ दे.

हिरड्यातनं रक्त, आणि वास

रक्त येतंय म्हणून त्या बाजूनं घासायचंच बंद करणारे लई बघितलेत, त्यानं रक्त आणखी वाढतंय कारण हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरानंच ते येत असतंय. त्यासाठी स्टॅनस फ्लोराईड किंवा झिंक असलेली पेस्ट बरी, वासाला पण झिंकचा उपयोग होतोय. पण तो थर कडक होऊन त्याचं किटण झालं असेल, तर जगातली कुठलीच पेस्ट ते काढू शकत नाही, टार्टर कंट्रोल लिहिलेली पेस्ट फक्त नवीन बसणं कमी करती. त्याला क्लिनिंगच करून घ्यावं लागतंय. क्लिनिंगनं दात हलतात हे खोटं, किटणाच्या आधारानं उभे असलेले दात मोकळे झाल्यावर हलल्यासारखे वाटतात, ते आधीच ढिले झालेले असतात. शुगर असलेल्यांनी हिरडीकडं जास्तच लक्ष द्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. बाळंतपणाच्या आधी पण बऱ्याच बायकांच्या हिरड्या सुजतात, घासणं सोडायचं नाही.

डॉक्टरनं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर ते पेस्टनंतर लगेच वापरू नका. पेस्टमधला फेसाचा साबण त्याचा असर मारतो. मधी निदान अर्धा तास ठेवा. आणि ते महिनोन्महिने आपल्या मनानं वापरायचं नसतंय, दातांवर तपकिरी डाग पडतात, मग परत माझ्याकडंच व्हाइटनिंग मागायला येतात.

व्हाइटनिंग आणि कोळसा

लग्नसराईत या ट्यूबा दुप्पट खपतात. चहा, तंबाखू, पानाचे वरवरचे डाग असतील तर थोडे कमी होतात, कारण या पेस्टमध्ये घासणारी पावडर जरा जादा असती. दाताचा मूळचाच रंग पिवळट असेल, तर पेस्टनं तो बदलत नाही. काही पेस्टमध्ये निळा रंग असतोय, त्यानं दात लगेच जरा पांढरे दिसतात, कपड्याला नीळ घालतात तसलाच प्रकार, टिकत काय नाही. सेन्सिटिव्ह दात असतील तर व्हाइटनिंगच्या वाटेला जाऊच नका. कोळशाच्या पेस्टबद्दल विचाराल तर पुढं चकाचक काळी ट्यूब, मागं बघितलं तर बऱ्याचदा फ्लोराईडचा पत्ता नाही, आणि पांढरे होतात याचा भक्कम पुरावा पण नाही. पैसे जादा झाले असतील तर घ्या.

मिश्री लावणाऱ्यांसाठी

हे लिहिल्याशिवाय आपल्या भागातली पेस्टची गोष्ट पूर्ण होत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटानं लावत बसायचं, ही सवय आपल्याकडं घराघरातल्या आज्ज्या-मावश्यांना होती आणि अजून आहे. "मिश्रीनं दात घट्ट राहतात" असं त्या म्हणतात. घट्ट काय राहत नाहीत, निकोटीननं हिरडीतल्या रक्ताच्या नळ्या आवळतात त्यामुळं आजार झाकून राहतोय, रक्त दिसत नाही एवढंच. १९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली ती याच कारणानं, दात घासायच्या नावाखाली माणूस तंबाखूला लागतोय.

मावशीला "मिश्री सोड आणि ही पेस्ट घे" असं एका दमात सांगून होत नाही, कारण ते दात घासणं नाही, ती तलफ आहे, पोट साफ व्हायला पण लागती म्हणतात. मी सांगतो ते असं, मावशी, आधी ब्रशनं पेस्ट लावून दात घासा, मग बघू मिश्रीचं. मग दिवसातनं चार वेळची तीन, तीनची दोन. सोडायची मनापासनं इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. आणि गालाच्या आत, जिथं ठेवता तिथं पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर पेस्ट-बिस्ट राहू दे, सरळ कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या दातांच्या डॉक्टरला दाखवा, त्याच आठवड्यात.

बारक्यांची पेस्ट

पहिला दात आला की घासायला सुरुवात, साधारण सहा महिन्यांच्या आसपास येतोय. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, बस्स. पोरांच्या ट्यूबांवर कार्टून असतंय, स्ट्रॉबेरीचा वास असतो, आणि मागं फ्लोराईड कुठं ५०० च्या आसपास, कुठं शून्य. ज्या पोराच्या दुधाच्या दाढा किडायला लागल्यात त्याला शून्यवाली देऊन काय मिळणार? डॉक्टर बऱ्याचदा १००० वालीच दाण्याएवढी द्यायला सांगतात. थुंकायला शिकवायचं, ट्यूब हाताला लागेल अशी ठेवायची नाही, गोड लागती म्हणून पोरं चाटून संपवतात. आणि पोरगं सात-आठ वर्षांचं होईपर्यंत निदान रात्रीचं घासणं आईबापानंच करायचं, त्याला स्वतःला जमत नाही, ते नुसतं ब्रश चावतंय.

दुधाचे दात पडणारच आहेत मग कशाला, हे रोज ऐकतो. दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात हो, तोवर पोरानं जेवायचं कशानं?

राहिलेलं

तोंड वरचेवर येत असेल, म्हंजे आतनं फोड, तर सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट महिना-दोन महिने वापरून बघा. फेस त्यानंच होतोय, आणि काही जणांना त्याचाच त्रास असतो, बदलल्यावर फरक पडलेला बघितलाय. फेस कमी होणार म्हणून स्वच्छ झालं नाही असं वाटेल, ते मनाचं आहे.

कवळीला पेस्ट लावायची नाही. प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसती. भांड्याचा साबण सौम्य असेल तो आणि मऊ ब्रश पुरे, घासताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा, हातातनं निसटली तर फुटणार नाही.

मोठ्या माणसाला पेस्ट वाटाण्याएवढीच लागती, जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती ट्यूब लवकर संपावी म्हणून. दोन मिनिटं घासा, रात्रीचं चुकवू नका, झोपेत लाळ कमी होती त्यामुळं सगळं बिघडायचं ते रात्री. झाल्यावर फेस थुंका पण खळखळून चुळा भरू नका, नाहीतर पैसे देऊन घेतलेलं फ्लोराईड बेसिनमध्येच गेलं. पहिले काही दिवस तोंडात चव राहती ती विचित्र वाटती, मग सवय होती.

घेताना छापील किमतीपेक्षा ग्रॅम बघा, दोन छोट्या मोठीपेक्षा स्वस्त पडतात असं पण स्कीममध्ये होतंय. फ्री ब्रश मिळाला तर तो सॉफ्ट आहे का बघा, मीडियम किंवा हार्ड असेल तर बूट धुवायला ठेवा. आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं घाऊकात डझन ट्यूबा उचलणाऱ्यांनी प्रत्येकीची एक्सपायरी बघूनच उचला.